रुग्णालयात संशोधन-प्रशिक्षण केंद्र काढताय? एथिक्स कमिटीची नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

केसपेपरमधून शिकायचं, शिकलेलं उपचारात आणायचं आणि फरक पडला का ते पुन्हा मोजायचं. असं चक्र सतत चालवणाऱ्या रुग्णालयाला 'लर्निंग हेल्थ सिस्टिम' म्हणतात. सोलापुरातल्या एखाद्या ट्रस्टच्या रुग्णालयाने असं केंद्र काढायचं ठरवलं की आधी जागा, संगणक आणि निधी यांवरच बैठका होतात. त्याच्याही आधी लागते ती नोंदणीकृत एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातं का हे तपासणारी समिती. तिच्या मंजुरीशिवाय रुग्णांवरचं किंवा त्यांच्या नोंदींवरचं संशोधन सुरू करता येत नाही.

अर्ज कुठे करायचा

सिव्हिल सर्जन, महापालिका, धर्मादाय आयुक्त यांपैकी कोणाकडेही नाही. ट्रस्टची नोंदणी वेगळी, ही वेगळी. 'नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' प्रमाणे औषधांच्या चाचण्या तपासणारी कमिटी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे नोंदवतात. बाकीच्या आरोग्य संशोधनासाठी नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे, 'नैतिक' पोर्टलवर होते. दोन्ही कामं करायची असतील तर दोन्हीकडे. एका नोंदणीवर दुसरं काम भागत नाही.

कमिटीत कोण बसू शकतं

फॉर्म भरणं सोपं आहे, माणसं जुळवणं अवघड. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १५ सदस्य हवेत आणि त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. अध्यक्ष बाहेरचाच, सदस्य-सचिव मात्र संस्थेतला. क्लिनिशियन (रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर), मूलभूत वैद्यकशास्त्राचा तज्ज्ञ, कायदा जाणणारा, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिक, शिवाय स्त्री-पुरुष दोघांचंही प्रतिनिधित्व. संस्थाप्रमुख सदस्यांच्या नेमणुका करतो, पण स्वतः कमिटीत बसत नाही. ट्रस्टच्या अध्यक्षांना हे आधीच सांगून ठेवा, नंतर सांगणं जड जातं.

वकील जिल्हा न्यायालयात मिळतील, समाजशास्त्राचे प्राध्यापक विद्यापीठात किंवा महाविद्यालयांत. चूक होते ती सामान्य नागरिक निवडताना. तिथे विश्वस्तांच्या ओळखीचा निवृत्त अधिकारी बसवला जातो. माझ्या मते शहराच्या पूर्व भागातली विडी कामगार महिला किंवा यंत्रमागावर काम केलेला माणूस जास्त उपयोगाचा. संमतीपत्रातलं कोणतं वाक्य रुग्णाला कळणार नाही, हे तिथे बसलेल्या डॉक्टरांपेक्षा त्यांना लवकर कळतं. आणि सोलापुरात संमतीपत्र एकट्या मराठीत काढून चालत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड लागतंच.

कागदपत्रे

कमिटी कोणत्या अधिकाराने स्थापन झाली, तिचं कार्यक्षेत्र, नेमणुकीच्या अटी, गणपूर्ती, राजीनामा व सदस्य बदलण्याची पद्धत, हे सगळं लेखी द्यावं लागतं. प्रत्येक सदस्याचं नाव, पत्ता, शिक्षण, हुद्दा आणि थोडक्यात परिचय. कार्यालयाचा पत्ता आणि मदतनीस कर्मचाऱ्यांचा तपशील. पूर्वी तपासणी झाली असेल तर त्याची माहिती. नेमणूकपत्रं, सदस्यांची लेखी संमती, पदव्या आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं स्कॅन करून हाताशी ठेवा.

जास्त वेळ खातात त्या एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती. सदस्यांचं प्रशिक्षण आणि हितसंबंधांचा संघर्ष टाळणं, यांचंही धोरण स्वतंत्र द्यावं लागतं. दुसऱ्या कॉलेजच्या एसओपी उतरवून आणायचा मोह होतो, त्यात मग त्यांच्याच विभागांची नावं राहून जातात!

अर्जानंतर

अर्ज फॉर्म सीटी-०१ मध्ये. आरोग्य संशोधन विभागाकडे आधी तात्पुरती नोंदणी मिळते, ती २ वर्षांची. छाननी होऊन पक्की नोंदणी झाली की ती ५ वर्षं चालते, प्रमाणपत्र फॉर्म सीटी-०३ मध्ये येतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी द्यायचा.

प्रत्येक संशोधन प्रस्तावाला पूर्ण बैठक लागते असं नाही. धोका पाहून काहींना सूट, काहींना जलद परीक्षण, बाकीच्यांना पूर्ण कमिटी. पूर्ण बैठकीला किमान ५ सदस्य हवेत आणि त्यात एक तरी बाहेरचा. शिकत राहणाऱ्या रुग्णालयात खरा घोळ होतो तो ऑडिटवरून, म्हणजे जुन्या नोंदी तपासून उपचारांची गुणवत्ता पाहण्यावरून. 'आम्ही फक्त जुने केसपेपर बघतोय, हे काही संशोधन नाही,' असं विभागप्रमुख म्हणतात. गुणवत्ता तपासणीच्या ऑडिटला सूट मिळू शकते, पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, अभ्यास करणारा नाही. जुन्या, ओळख पुसलेल्या नोंदींसाठी रुग्णाच्या संमतीतून सवलत हवी असेल तर तीही कमिटीकडेच मागायची. काम झाल्यावर मागून मंजुरी मिळत नाही.

वर्षाकाठी दोन-चारच प्रस्ताव येणार असतील तर स्वतःच्या कमिटीचा खटाटोप करू नये. नोंदणीकृत कमिटी असलेल्या दुसऱ्या संस्थेशी सामंजस्य करार करता येतो. करारात देखरेख कोण करणार, प्रतिकूल घटना घडल्यास कोणाला कळवायचं आणि कागद कोणाकडे राहणार, ही तीन कलमं स्पष्ट लिहून घ्या. अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं, औषध चाचणी असेल तर ५ वर्षं, कागद जपावे लागतात. तेव्हा कुलपाचं एक कपाटही अंदाजपत्रकात धरा.