अभिनंदन आला, मग 71 चे 54 का नाहीत? युद्धकैदी आणि बेपत्ता यांतला घोळ

बालाकोटला गेलेली मिराज विमानं ग्वाल्हेरच्याच तळावरून उडाली होती, त्यामुळे 2019 चा फेब्रुवारी आमच्याकडे घरचं कार्य असल्यासारखा आठवला जातो. आणि तो आठवला की लष्करातल्या कुठल्या ना कुठल्या ओसरीवर एखादे काका हमखास विचारतात, "अभिनंदनला तीन दिवसांत आणलं ना? मग 71 च्या त्या 54 जणांना पन्नास वर्षांत का नाही आणलं?" पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "त्यांच्या साहेबांनीच त्यांना वाऱ्यावर सोडलं, दुसरं काय!" (बाहेरच्यांसाठी: लष्कर हा आमच्या शहराचा भाग आहे. गोंधळ नको म्हणून इथे फौजेला मी सैन्यच म्हणेन.)

काकांची कळकळ खरी आहे, पण प्रश्न मुळात चुकीचा मांडलेला आहे. अभिनंदन युद्धकैदी होते. 1971 च्या युद्धातून न परतलेल्या त्या 54 सैनिकांची नोंद बेपत्ता अशी आहे. या दोन नोंदींमागे कर्तव्यं वेगळी आहेत, आणि ती पार पाडणारी माणसंही वेगळी आहेत.

युद्धकैदी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 1949 चा तिसरा जिनिव्हा करार. पकडलेल्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक सांगायचा, त्यापुढे काही सांगायची सक्ती नाही. पकडणाऱ्याने त्याला माणसासारखं वागवायचं, त्याची माहिती रेडक्रॉसमार्फत कळवायची, लढाई थांबली की विनाविलंब परत करायचं. "युद्ध जाहीरच झालं नव्हतं, मग युद्धकैदी कसला?" असं ज्ञान पाजळणाऱ्यांनी कराराचं दुसरं कलम वाचावं. सशस्त्र संघर्ष पुरेसा आहे, घोषणा लागत नाही. 27 फेब्रुवारीला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पकडले गेले, त्याच दिवशी पकडणाऱ्यांनीच त्यांचा व्हिडिओ जगाला दाखवला आणि 1 मार्चला ते वाघ्यातून परत आले. 1999 च्या कारगिल युद्धात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता 27 मे रोजी पकडले गेले आणि आठवड्याभरात रेडक्रॉसच्या ताब्यात आले. दोघांच्याही बाबतीत "तो आमच्याकडे आहे" हे समोरच्याने पहिल्यापासून कबूल केलं होतं. इतकं झाल्यावर उरतात वाटाघाटी, आणि त्या सरकारने करायच्या असतात. कंपनी कमांडरचा किंवा स्क्वॉड्रन लीडरचा त्यात संबंध येत नाही.

खरी ठेच लागते ती पुढे. शत्रूच्या हाती पडताक्षणी माणूस कायद्याने युद्धकैदी होतो, मग शत्रूने ते कबूल करो वा न करो. पण आपल्या वहीत तो युद्धकैदी होतो ते समोरून कळल्यावरच. तोपर्यंत आपल्या लेखी तो बेपत्ता. म्हणजे एकच माणूस एकाच वेळी तिकडच्या कोठडीत युद्धकैदी आणि इकडच्या वहीत बेपत्ता असू शकतो. बेपत्ता ही त्या माणसाची अवस्था नव्हेच, ती आपल्या माहितीची अवस्था आहे. तो मेलेला असेल, जखमी होऊन एखाद्या नाळेत पडलेला असेल, बर्फाखाली असेल, पकडला गेला असेल, किंवा रस्ता चुकून तीन दिवसांनी पायी परत येईल. या सगळ्यांसाठी नोंद एकच.

मराठी माणसाला हे जिनिव्हावाल्यांनी शिकवायला नको, पानिपत पुरे आहे. 14 जानेवारी 1761 च्या संध्याकाळी एकट्या शिंद्यांच्या घरातच दोन तऱ्हा झाल्या. जनकोजी पकडले गेले, पण ज्याच्या ताब्यात होते त्याने त्यांना लपवून ठेवलं, आणि सुटकेची बोलणी उघडकीला येतील या भीतीने गुपचूप मारून टाकलं, असं त्या लढाईचा वृत्तांत लिहिणारा काशीराज पंडित सांगतो. महादजी जखमी होऊन दिसेनासे झाले आणि राणेखान भिश्त्याने त्यांना वाचवून दक्षिणेत आणलं. भाऊसाहेबांचं धड सापडलं, त्याला अग्नी दिला, असं सांगणारे होते, तरी त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलं नाही. आणि ती जागा रिकामी राहिली म्हणूनच तोतया उभा राहू शकला. नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या सांकेतिक पत्रात मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या अशीच भाषा होती. तिघांपैकी कुणाचं काय झालं हे त्या रात्री छावणीत कुणी सांगू शकलं नसतं.

मग अशा वेळी कमांडरने नेमकं काय करायचं? सिनेमे पाहून लोकांची समजूत झाली आहे की त्याने बंदूक उचलून परत धावायचं. पहिल्या जिनिव्हा कराराच्या पंधराव्या कलमात आहे ते असं: चकमकीनंतर विशेषकरून, विनाविलंब, शक्य ते सर्व उपाय करून जखमींना शोधा, गोळा करा, मृतांनाही शोधा. शक्य ते सर्व. "वाटेल ती किंमत मोजून" असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही, आणि ते मुद्दाम लिहिलेलं नाही. कारण किंमत पुन्हा माणसांतच मोजायची असते. मे 1999 मध्ये कारगिल भागातल्या काकसरला कॅप्टन सौरभ कालियांची गस्त परतली नाही, म्हणून 4 जाट बटालियनचे कॅप्टन अमित भारद्वाज तुकडी घेऊन शोधायला गेले. 17 मे ला ते स्वतः पडले, आणि त्यांचा देह हाती यायला जवळपास दोन महिने लागले. नचिकेतांच्या शोधासाठी स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा त्याच भागात घिरट्या घालत राहिले आणि क्षेपणास्त्राने त्यांचं मिग पाडलं. त्यांच्या शौर्याबद्दल प्रश्नच नाही. पण शोधायला कुणाला पाठवायचं, किती वेळ, आणि कधी थांबवायचं, हा हिशेब मागे बसलेल्या कमांडरला करावा लागतो. तो थांबला म्हणजे त्याने माणूस टाकला, असं दिवाणखान्यातून म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. 1962 ला चीनशी लढताना रेझांग ला इथे जखमी मेजर शैतान सिंगांनी मला इथेच सोडा आणि बटालियनला खबर द्या असा हुकूम केला होता. तो मानणाऱ्या जवानाला तुम्ही काय म्हणाल?

कमांडरचं दुसरं कर्तव्य कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि माझ्या मते बेपत्ता माणसाच्या बाबतीत तेच मोठं आहे. गिनती घ्यायची, आणि जो गिनतीत नाही त्याला शेवटचं कुणी, कुठे, कोणत्या अवस्थेत पाहिलं याचे जबाब ताबडतोब लिहून घ्यायचे. वैमानिक असेल तर सोबतच्या विमानाने काय पाहिलं? हवाई छत्री उघडलेली दिसली का? विमान जमिनीवर पेटलं की हवेतच? हे साक्षीदार पुढच्याच आठवड्यात जखमी होतात, बदलून जातात, मरतात. पहिल्या दिवसांत कागदावर आलं ते आलं. वर्षांनुवर्षांनी सरकार समोरच्या देशाकडे विचारणा करतं तेव्हा तिच्यामागे उभा राहतो तो हाच कागद.

आता 54 कडे या. संसदेतल्या नंतरच्या उत्तरांत हा आकडा 83 आहे. 5 डिसेंबर 1971 ला शोरकोटच्या तळावरच्या हल्ल्यात पाडल्या गेलेल्या विमानाचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे त्यांतलेच. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी पुढची सगळी दशकं पाठपुरावा केला. पाकिस्तानने हे लोक आपल्याकडे असल्याचं कायम नाकारलं. 2007 मध्ये नातेवाइकांना तिथले तुरुंगही दाखवले, कुणी सापडलं नाही. जो माणूस आपल्याकडे आहे असं समोरचा कबूलच करत नाही, त्याला "परत करा" म्हणून करार दाखवता येत नाही. आधी तो आहे हे सिद्ध करावं लागतं. "आम्ही 93,000 सोडले, मग आमचे 54 का नाही मागितले?" हे वाक्यही इथेच लंगडं पडतं. 1971 ला शरण आलेल्या त्या 93,000 पाकिस्तान्यांची यादी आपल्याकडे होती, त्यांना आपण छावण्यांत ठेवलं होतं. या 54 ची कबूल केलेली यादी कुणाकडेच नव्हती. दोष द्यायचाच तर न कळवणाऱ्याला द्या. कळवणं हे पकडणाऱ्याचं कर्तव्य आहे. कालियांच्या गस्तीची युद्धकैदी म्हणून नोंद कधी आली नाही. 9 जूनला आले ते सहा मृतदेह.

आपल्या बाजूच्या चुकाही पाहू, म्हणजे एकांगी वाटायला नको. कारगिलच्या वेळी मोहम्मद आरिफ नावाचा जवान दिसेनासा झाला आणि त्याला फरार ठरवलं गेलं. 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये 30 दिवस विनापरवाना गैरहजर असलेल्याची चौकशी करून फरार मानायची वाट आहे, पण ती रजेवरून न आलेल्यांसाठी शोभते. आरिफ पाकिस्तानच्या कैदेत होता. 2004 मध्ये तो परत आला तोवर त्याच्या बायकोचं दुसरं लग्न झालं होतं. बेपत्ताच्या रकान्यात जायचं नाव भलत्याच रकान्यात गेलं की असं होतं. उलट घाईही तितकीच वाईट. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचिनला हिमस्खलन झालं, दहाच्या दहा जवान गेले असं जाहीर झालं, आणि सहाव्या दिवशी लान्स नाईक हनुमंतप्पा जिवंत सापडले. 11 तारखेला ते गेले, पण ते सापडले ते खोदणाऱ्यांनी घोषणेनंतरही खोदणं सोडलं नाही म्हणून.

शत्रूच्या कमांडरवरही कागदाची जबाबदारी असते. मृताची ओळख नोंदायची, ओळखीच्या बिल्ल्याचा एक भाग देहासोबत ठेवायचा. 1984 मध्ये सियाचिनवर बर्फात गडप झालेल्या 19 कुमाऊँ बटालियनच्या चंद्रशेखर यांची 2022 मध्ये ओळख पटली ती आर्मी नंबर कोरलेल्या अशाच बिल्ल्यावरून. आणि कारगिलमध्ये टायगर हिलवर पडलेल्या पाकिस्तानच्या कॅप्टन कर्नल शेर खानच्या (कर्नल हे त्याचं नावच) खिशात आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी तो कसा लढला याची चिठ्ठी ठेवली. ज्या पाकिस्तानने सुरुवातीला आपले सैनिक तिथे नाहीतच असं म्हटलं, त्याने पुढे त्याला निशान-ए-हैदर हे आपलं सर्वोच्च शौर्यपदक दिलं. कमांडरचं कर्तव्य म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही, आणि ते आपल्याच बाजूचं आहे हे आमच्या ओसरीवर फार कमी लोकांना माहीत आहे.

राहता राहिला तो "सात वर्षं झाली की बेपत्ता माणूस मृत होतो" हा समज. होत नाही. पुरावा कायद्याचं जुनं कलम 108, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 111, एवढंच म्हणतं की ज्यांना त्याची खबर कळायला हवी होती अशांना सात वर्षं ती नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. तो कधी मेला हे ते कलम सांगत नाही, कसा ते तर नाहीच. कबूल केलेल्या युद्धकैद्याला हे लागूच पडत नाही, कारण त्याची खबर असते.