कंडक्टरची कंबर आणि वाहतुकीचा आराखडा

लंडनच्या डबलडेकर बसवर दोन माणसं कामाला असायची. एक पुढं स्टिअरिंग धरून बसलेला, दुसरा तिकिटं फाडत जिन्यावरून दिवसभर वरखाली करणारा. बस तीच, डेपो तोच, पगारातही फार अंतर नाही. जेरी मॉरिस या डॉक्टरनं दुसऱ्या महायुद्धानंतर या दोघांच्या हृदयविकाराच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. लंडन ट्रान्सपोर्टच्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांचा हा अभ्यास १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, कंडक्टरांना कमी. शिवाय दुखणं जडलंच तर पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाणही कंडक्टरांत कमी. ड्रायव्हर जवळजवळ सगळी पाळी बसून काढायचा, कंडक्टर दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या चढायचा.

(आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरला खाली एक, वर एक असे दोन कंडक्टर असत. मॉरिसला हा अभ्यास मुंबईत जमला नसता.)

लगेच शंका निघाली: मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसनं मग गणवेशाच्या पँटींची मापं मिळवली. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच जास्त भरली, म्हणजे शंका अगदीच फुकाची नव्हती. पण पुढं बारीक ड्रायव्हर आणि बारीक कंडक्टर अशी जोडी लावून पाहिली, तरी फरक उरलाच. शिंप्याच्या टेपनं वैद्यकातला वाद सोडवल्याची अशी उदाहरणं थोडीच असतील. स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगले.

हे सगळं वाहतुकीच्या आराखड्याशी जोडायचं कारण सरळ आहे. चालणं हा व्यायाम म्हणून वेगळा काढावा लागला, की बहुतेकांच्या हातून तो सुटतो. कामाला जाता-येता पायाखालून गेलेलं अंतर मात्र रोज न चुकता होतं. अमेरिकेत बस-रेल्वेनं जाणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांचं निव्वळ स्टॉपपर्यंत जाण्या-येण्याचं चालणं दिवसाला १९ मिनिटांच्या आसपास निघालं. मुंबई महानगर प्रदेशात तर २००८ च्या वाहतूक अभ्यासानुसार लोकांच्या दर १०० फेऱ्यांपैकी ५२ पूर्णपणे पायीच होत्या. म्हणजे या महानगराचं सगळ्यात मोठं वाहन लोकल नव्हे, चप्पल आहे.

आता एखाद्या उड्डाणपुलाचा प्रस्ताव कसा तयार होतो ते पाहा. पुलामुळं गाड्यांचे किती तास वाचतील ते काढतात, तासाला रुपयांत किंमत लावतात, इंधनाची बचत मिळवतात आणि ही बेरीज खर्चाच्या समोर मांडतात. त्यातही कारमधल्या माणसाचा तास बसमधल्या माणसाच्या तासापेक्षा महाग धरण्याची रीत आहे. पुलाखाली रस्ता ओलांडायला ताटकळणाऱ्या माणसाची मिनिटं बहुतेकदा कुठंच येत नाहीत. पुलामुळं किती जण चालायचं सोडून दुचाकी घेतील, त्यातून मधुमेह किती वाढेल, हा रकानाच नसतो. आणि जो रकाना नाही, त्यात शून्य धरलं जातं. माझी मुख्य तक्रार इथंच आहे. आरोग्याची किंमत काढणं अवघड आहे हे मान्य, पण ती शून्य नाही एवढं तर नक्की.

हा रकाना भरून दाखवला अमेरिकेतल्या नॅशव्हिलनं, हे अनपेक्षित. टेनेसी राज्यातलं हे शहर चालणाऱ्यांचं म्हणून मुळीच प्रसिद्ध नाही. सगळा कारभार गाडीवर, आणि राज्यात लठ्ठपणा भरपूर. तिथल्या प्रादेशिक वाहतूक नियोजन संस्थेनं २०१० च्या अखेरीस २०३५ पर्यंतचा आराखडा मंजूर केला. त्यात प्रकल्पांना १०० पैकी गुण द्यायचे ठरवलं आणि त्यातले ६० गुण आरोग्य, सुरक्षितता, गर्दी कमी होणं, चालण्या-सायकलची सोय अशा गोष्टींना ठेवले. परीक्षेचा पेपर बदलला की क्लासवाले शिकवणं बदलतात, तसंच झालं. आधी रस्त्यांच्या प्रकल्पांपैकी जेमतेम २ टक्क्यांत फुटपाथ किंवा सायकल मार्ग असायचा. नव्या आराखड्यात तो ७० टक्के प्रकल्पांत आला. गुणपत्रिका बदलताच प्रस्ताव लिहिणारे इंजिनिअर फुटपाथ धरूनच नकाशा काढू लागले.

‘विजेच्या गाड्या आल्या की आरोग्याचं आपोआप भागेल’ असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब आहे. जेम्स वुडकॉक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लंडन आणि दिल्लीसाठी २०३० चं चित्र मांडलं. अकाली मृत्यूनं गेलेली आणि आजारपणात कुजलेली वर्षं एकत्र धरून, त्यातली किती वाचतील ते त्यांनी काढलं. दिल्लीत गाड्या नुसत्या स्वच्छ केल्या, तर दर दहा लाख माणसांमागे वर्षाला १,६९६ वर्षं वाचत होती. लोक जास्त चालले, सायकलवर बसले आणि गाड्या कमी झाल्या, तर १२,५१६. लंडनमध्ये हेच आकडे १६० आणि ७,३३२. स्वच्छ गाडी धूर कमी करते. पण आत बसलेला माणूस बसलेलाच राहतो, आणि धडक बसली तर बॅटरीवरची गाडीही तेवढ्याच जोरात बसते. हे प्रारूप आहे, भविष्यवाणी नव्हे. पण दोन आकड्यांतलं अंतर एवढं आहे की थोडंफार चुकलं तरी क्रम उलटायचा नाही.

मुंबईत चालणाऱ्यांसाठी काहीच झालं नाही असं नाही. २००८ मध्ये वांद्रे स्टेशन ते कलानगर स्कायवॉक, म्हणजे रस्त्याच्या वरून जाणारा पादचारी पूल, झाला आणि पाठोपाठ महानगरभर तसे बरेच उभे राहिले. काही गर्दीचे निघाले, काही ओस पडले. आता कुणी म्हणेल, पायऱ्याच तर कंडक्टरला तारत होत्या, मग स्कायवॉकच्या का नकोत? कारण कंडक्टर धडधाकट होता आणि चढण्याचा त्याला पगार मिळत होता. हातात भाजीची पिशवी आणि गुडघ्यात कळ असलेली बाई जिना टाळते आणि खालून, गाड्यांमधून वाट काढते. स्कायवॉकनं मुळात सोय केली ती खालच्या गाड्यांची.

खालचा सिग्नल तरी तिच्या बाजूनं असतो का? सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरण्याची पद्धत अनेक देशांत आहे. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्या लोकांची चाल मोजली, तेव्हा बायकांची सरासरी ०.८ निघाली. १८ मीटर रुंदीचा रस्ता धरा. पहिल्या हिशेबानं १५ सेकंद पुरतात. तिला साडेबावीस लागतात. ही जादा सात-आठ सेकंदं दिली, तर आराखड्यात ती ‘वाहनांचा विलंब’ म्हणून खर्चाच्या बाजूला जातात. नाही दिली, तर कुठंच लिहिली जात नाहीत. १५ सेकंद संपतात तेव्हा ती १२ मीटरवर पोचलेली असते. पुढं ६ मीटर रस्ता आहे, आणि दुचाकीवाल्यांनी क्लच सोडायला सुरुवात केली आहे.