बडोद्याच्या घरातलं लाकूड: लाखेपासून पीयूपर्यंत

दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरात संखेड्याचा झोपाळा, शिसवी कपाट आणि प्लायचा दिवाण एकाच खोलीत असू शकतात. तिन्हींवरचे थर वेगवेगळ्या काळातले. 'सगळ्यावर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून टाका' म्हणणाऱ्या मिस्त्रीला आधी थांबवावं.

संखेडा इथून सुमारे ४५ किलोमीटर. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागवान कातून रंगवतात आणि सरसात घोटलेल्या कथलाने वेलबुट्टी काढतात. ती सुकल्यावर अकीकाच्या दगडाने घोटली की करडी रेघ चांदीसारखी उजळते. वर लाखेचा पिवळसर पारदर्शक थर बसला की तीच सोनेरी दिसते. सोनं त्यात नसतंच. अशा झोपाळ्याला काचकागद लावला की आधी सोनेरीपणा जातो, मग नक्षी. धुण्याच्या सोड्याचं पाणीही नको, लाख त्यात विरघळते.

फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात रुळलं, पण त्यातली लाख बहुतेक हिंदुस्थानातून जाई. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. त्या पिढीत मेज-खुर्च्यांबरोबर हे पॉलिशही घरोघरी आलं. १ लिटर स्पिरिटला साधारण २५० ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) रात्रभर भिजवून गाळायचा आणि सुती बोळ्याने पातळ हात द्यायचे. बोळा अडकू नये म्हणून अळशीच्या तेलाचा थेंब पुरतो. जास्त झालं तर ते नंतर वर येऊन पॉलिशला घाम सुटतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, त्यावर हवेतली ओल बसते आणि पॉलिश पांढुरकं होतं. सहा महिने पडून राहिलेलं द्रावण तर वाळता वाळत नाही.

१९२०च्या दशकात मोटारींसाठी आलेला नायट्रोसेल्युलोज लॅकर पुढे फर्निचरवर आला, मग हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, मिसळून लावायचं मेलामाइन पॉलिश. पीयूचं रसायन १९३७ मधलं, ऑटो बायरचं. पीयू कठीण आणि पाण्याला दाद न देणारं खरं, पण चपड्यात सुमारे ५ टक्के मेण असतं, त्यावर ते नीट धरत नाही. पुढे पापुद्रे सुटतात.

म्हणून पायाच्या आतल्या बाजूला, नक्षी टाळून, स्पिरिटचा कापूस मिनिटभर दाबावा. चिकटला तर लाख. नाही चिकटला आणि थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद नसेल तर मेलामाइन किंवा पीयू. कपाटावर लाख निघाली तर खरवडायची गरज नाही. मळ आणि मेण पुसून नवा हात द्यावा. त्यातलं स्पिरिट जुना थर विरघळवून एकजीव करतं.