टी-पेशींना आपलेच मेद कसे कळले?

टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखता येतात, असे अनेक वर्षे शिकवले जात होते. त्याला आधारही भक्कम होता. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ साली कॅनबेरात दाखवून दिले की टी-पेशी विषाणूला सुटा ओळखत नाही, तर पेशीच्या पृष्ठभागावरच्या, शरीराच्या स्वतःच्या एमएचसी नावाच्या रेणूच्या सोबतीनेच ओळखते. या रेणूच्या खोबणीत प्रथिनाचा तुकडा बसलेला असतो, हे पुढे उलगडले. दोघांना १९९६ चे नोबेल मिळाले. मेदांना मात्र या चित्रात जागाच नव्हती. पेशीचे आवरण मेदांचेच असते, पण त्याकडे सगळे भिंत म्हणून पाहत होते. त्या भिंतीवरही काही वाचण्यासारखे असेल, असे कुणाच्या मनात आले नाही.

१९७९ मध्ये सेझार मिलस्टाइन आणि अँड्र्यू मॅकमायकेल यांच्या गटाला थायमस या छातीतल्या ग्रंथीमधल्या पेशींवर एक प्रथिन सापडले. पांढऱ्या पेशींवरच्या खुणांना पुढे क्रमांक दिले गेले, तेव्हा पहिला क्रमांक यालाच मिळाला: सीडी-१. १९८६ मध्ये कळले की त्याची घडण एमएचसीसारखी आहे, पण त्याची जनुके एमएचसीप्रमाणे सहाव्या गुणसूत्रावर नाहीत. तरीही ते नेमके काय काम करते, हे कोडेच राहिले.

मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वर्ष १९८९ वाटते. बॉस्टनमध्ये स्टीव्हन पॉर्सेली, मायकेल ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी ल्युपसच्या (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या) रुग्णांच्या रक्तातून टी-पेशी वाढवल्या. ज्या पेशींवर सीडी-१ होते, त्यांना या टी-पेशी मारत होत्या. तिथे ना जंतू होता, ना बाहेरचे काही. म्हणजे स्वतःच्या शरीराची ओळख जंतूच्या ओळखीआधीच डोळ्यांसमोर आली होती. फक्त सीडी-१ च्या खोबणीत काय बसते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

ते उत्तर १९९४ मध्ये क्षयाच्या जंतूने दिले. त्याच्या मेणचट कवचातले मायकॉलिक आम्ल हा मेद सीडी-१बी मध्ये (सीडी-१ च्या ए, बी, डी अशा प्रकारांपैकी एकात) बसतो आणि टी-पेशी तो ओळखतात, असे याच गटाने दाखवले. टी-पेशी मेद ओळखते, याचा हा पहिला थेट पुरावा. १९९७ मध्ये उंदराच्या सीडी-१डी ची त्रिमितीय रचना हाती आली, आणि हे जमते कसे तेही दिसले. खोबण खोल, अरुंद आणि पाणी टाळणारी. मेदाच्या तेलकट शेपट्या तिच्यात बुडतात, साखरेचे किंवा फॉस्फेटचे डोके वर राहते आणि टी-पेशी तेवढेच चाचपते.

मग शोध पुन्हा घरच्या मेदांकडे वळला. १९९९ मध्ये बाझेलच्या जेनारो डी लिबेरो यांच्या गटाला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (प्रतिकारयंत्रणा मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते त्या आजाराच्या) रुग्णांमध्ये मज्जासंस्थेतले गँग्लिओसाइड नावाचे मेद ओळखणाऱ्या टी-पेशी आढळल्या. २००४ मध्ये आयजीबी-३ नावाचा मेद हाच एनकेटी पेशींचा (सीडी-१डी मधले मेद ओळखणाऱ्या टी-पेशींचा) ‘आपला’ मेद, असा मोठा दावा झाला. पण तो बनवणारे विकर (एन्झाइम) ज्यांच्यात नव्हते, त्या उंदरांतही एनकेटी पेशी व्यवस्थित वाढल्या. माणसात तर ते विकर चालतच नाही. दावा डळमळला. अशा मेदांचे अगदी किरकोळ अंश शुद्ध करून पाहणे किती अवघड असते, हे लक्षात घेतले तर या वादाचे आश्चर्य वाटत नाही.

खरा धक्का त्वचेने दिला. निरोगी माणसांच्या रक्तातही सीडी-१ए ओळखणाऱ्या टी-पेशी सर्रास असतात, हे २०१० मध्ये दिसले होते. २०१४ मध्ये त्यांना चेतवणारे मेद सापडले: स्क्वालीन, मेणासारखी एस्टर, म्हणजे आपल्या कातडीवरचेच तेल. या रेणूंना डोकेच नसते! मग टी-पेशी चाचपते काय? वर्षभरात रचनेतून उत्तर मिळाले: सीडी-१ए चाच पृष्ठभाग. बिनडोक्याचे तेल आत गुडूप होते आणि वाट मोकळी ठेवते. मोठे डोके असलेला मेद ती अडवतो.

सीडी-१ए वागवतात त्वचेतल्या लँगरहान्स नावाच्या राखणदार पेशी. उंदरात मात्र सीडी-१ए नाही, फक्त सीडी-१डी आहे, म्हणून हा सारा अभ्यास रेंगाळला. मानवी सीडी-१ए चे जनुक घातलेले उंदीर वापरून २०१६ मध्ये पाहिले गेले, तेव्हा पॉयझन आयव्ही या अमेरिकी वेलीतल्या उरुशिऑल या तेलकट रसाने त्यांच्या त्वचेचा दाह भडकला. आपल्याकडे उततो तो बिब्बा याच वनस्पतीच्या कुळातला, त्याचा रसही उरुशिऑलच्या जवळचा. सीडी-१ए अडवणारी प्रतिपिंडे दिल्यावर त्या उंदरांचा दाह कमी झाला.