चालताना पोटरीत येणारा गोळा नेहमी वाताचा नसतो

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांपासून कमाटी बागेतल्या बाकांपर्यंत एकच सल्ला वर्षानुवर्षं फिरतो: ‘चालताना पोटरीत गोळा येतो? वात आहे, वय झालं. तेल चोळा, चालणं कमी करा.’

हा सल्ला धोकादायक आहे. थोडं चालल्यावर पोटरी आवळते आणि थांबलं की काही मिनिटांत मोकळी होते, तेव्हा पायाच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) आत चरबी साचून अरुंद झालेल्या असू शकतात. हा चरबीचा थर एकट्या पायात साचत नाही. हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही साचतो. त्यामुळे अशा रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोका जास्त असतो.

सोबत मेटाबॉलिक सिंड्रोम (पोट, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी यांचे बिघाड एकत्र येणं) असेल तर धोका आणखी वाढतो. पोटाचा घेर (भारतीय पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंमी किंवा जास्त), रक्तदाब 130/85, उपाशीपोटी साखर 100, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) 150 किंवा त्यापुढे, आणि कमी एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल): यांतल्या कुठल्याही तीन गोष्टी असल्या की तो आहे असं धरतात. वजन बेताचं असूनही पोट सुटलेलं असतं, हे आपल्याकडे फार दिसतं.

तपासणी सोपी आहे. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, उत्तर 0.90 किंवा कमी आलं तर रोहिण्या अरुंद आहेत. मधुमेहात मात्र रोहिण्या कडक झाल्याने आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा डॉक्टर पायाच्या बोटाचा दाब मोजतात.

तंबाखू, विडी, सिगारेट आजच सोडा. आणि चालणं हाच उपचाराचा भाग आहे: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, डॉक्टरांना विचारून. पाय रात्री पडल्यापडल्या दुखत असेल किंवा जखम भरत नसेल, तर मात्र तातडीने दाखवा.