ब्रिजमधले डायोड बहुतेक वेळ बंदच असतात
एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरची आकृती पाठ असते: चार डायोड (प्रवाहाला एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग), एसीच्या एका अर्धचक्रात हे दोन, दुसऱ्यात ते दोन. पण लोडमधून, म्हणजे वीज वापरणाऱ्या उपकरणातून, परतणारा प्रवाह फाट्यावर आल्यावर चुकीच्या डायोडमध्ये का शिरत नाही, असं विचारलं की गाडी अडते.

डायोडला अर्धचक्र वगैरे काही कळत नाही. सिलिकॉन डायोड एवढंच पाहतो, की आपला अॅनोड (प्रवाह आत शिरतो ते टोक) कॅथोडपेक्षा (बाहेर पडतो ते टोक) साधारण 0.7 व्होल्टनं वर आहे का. एसीची दोन टोकं अ आणि ब समजा. या क्षणी अ 10 व्होल्टवर, ब शून्यावर. वरच्या दोन डायोडांचे कॅथोड लोडच्या धन टोकाला एकत्र जोडलेले. अ-चा डायोड सुरू होतो आणि ते टोक 9.3 व्होल्टवर नेतो. झालं, ब-च्या वरच्या डायोडचा कॅथोड आता अॅनोडच्या कितीतरी वर, म्हणून तो बंद. खाली उलटा प्रकार. तिथे अॅनोड एकत्र आहेत, त्यामुळे ज्याचा कॅथोड सर्वांत खाली त्याची सरशी: ब-चा डायोड सुरू, ऋण टोक 0.7 वर. अ-कडे परतायचं तर प्रवाहाला 0.7 वरून 10 वर चढावं लागेल. थोडक्यात, वरची जोडी सर्वांत उंच टोक निवडते, खालची सर्वांत खालचं. लोडला मिळतात 8.6 व्होल्ट. अ आणि ब यांच्यातला फरक 1.4 च्या आत असेल, तर चारही गप्प.

ही जुळणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. कारोल पोलाक यांनी ती आधी मांडली, नाव मात्र लिओ ग्रेट्झ यांचं लागलं.

खरी गंमत लोडला समांतर कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज सपाट ठेवणारा भाग) लावल्यावर. 12 व्होल्ट (हा आरएमएस, म्हणजे परिणामी आकडा) एसीचं शिखर सुमारे 17, दोन डायोडांचे 1.4 वजा जाता 15.6. लोडमुळे कपॅसिटर 14 पर्यंत उतरतो असं धरा. मग एसी 15.4 च्या (14 अधिक 1.4) वर जाईपर्यंत एकही डायोड हलत नाही. 50 हर्ट्झला अर्धचक्र 10 मिलिसेकंदांचं. त्यात डायोड चालू जेमतेम दीड मिलिसेकंद. लोडला सलग 1 अँपिअर हवा असेल, तर तेवढ्या वेळात सरासरी 7 अँपिअर ओढावे लागतात!

म्हणून मोठा कपॅसिटर लावला की डायोडचं काम हलकं होतं हा समज उलटा. कपॅसिटर कमी उतरतो, म्हणून डायोड चालू राहण्याचा वेळ घटतो, प्रवाहाचा झटका वाढतो, ट्रान्सफॉर्मरही जास्त तापतो. आणि स्विच दाबल्याक्षणी रिकामा कपॅसिटर जवळजवळ शॉर्टसर्किटच असतो.