पदवी झाली म्हणजे सैन्याचं दार बंद?

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: सैन्यात अधिकारी व्हायचं तर बारावीलाच एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), कॉलेज झालं की उरतं फक्त मैदानावरची भरती. हे चूक आहे, आणि त्यापायी आपली हुशार पोरं-पोरी अर्जच भरत नाहीत.

यूपीएससी वर्षातून दोनदा सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा) ही अधिकारी भरतीची परीक्षा घेते. डेहराडूनची आयएमए आणि चेन्नईची ओटीए या लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थांसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, बीए असो की बीएस्सी ॲग्री. शेवटच्या वर्षालाही अर्ज करता येतो. ओटीएसाठी गणिताचा पेपर नाही. सीडीएसमधून ओटीएत मुलींनाही जाता येतं. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल आणि पदवीला ५० टक्के गुण असतील, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखत मिळू शकते. एसएसबीच्या तयारीसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं मोफत प्रशिक्षण केंद्र आहे.

खरी अडचण वयाची. सीडीएसची मर्यादा साधारण २४-२५, एमपीएससी राज्यसेवेची खुल्या गटाला ३८. म्हणून ‘आधी एमपीएससी पाहू, मग सैन्य’ हा क्रम महागात पडतो. उलटा क्रम जमतो. ओटीएतून मिळणारी सेवा सुरुवातीला १० वर्षांची असते आणि तेवढ्यावर पेन्शन नाही, हे घरी आधीच स्पष्ट सांगा. पण ही सेवा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत वयाची ५ वर्षांपर्यंत सवलत आहे.